टेंभीखेडची सहा चाळीसची गाडी

टेंभीखेड, ता. जळगाव जामोद
३ नोव्हेंबर २०२५

कंपनीत तू बसते, आन् गाडी बंद होणार हे मले गाडीच्या काचेवर डकवलेल्या कागदावरून कळते! तोही कागद मले वाचता आला नाई, अक्षर मुंगीएवढं. शेजारच्या प्रेमलाच्या नातीनं, आरोहीनं, मोठ्यानं वाचला आन् सारी गाडी माह्याकडं पाहू लागली, जशी काई मीच कंपनीची मालकीण. "तुमची पूनम तिथंच आहे ना हो कलाबाई?" असं सात जणींनी विचारलं. म्या सांगतलं, आहे, पण तिले गावाचं नाव आठवते का नाई ते पाहा लागीन.

हा राग झाला. आता चि. पूनमले आजीचा आशीर्वाद. जेवत जाय.

कागदावर असं आहे की एक जानेवारीपासून टेंभीखेड ते जळगाव जामोद ही सकाळची सहा चाळीसची फेरी प्रवासी कमी असल्यामुळं बंद. परवा मी फाट्यापर्यंत उभी गेली. माह्या पायावर एका बाईचा डब्बा होता आन् डोक्याजवळ दुसरीचं कोपर. हे मले कोणत्या रिकाम्या गाडीत झालं ते तुह्या साहेबाले विचार.

एकोणीस पोरी या गाडीनं कॉलेजात जातात. तूही हिच्यातच बसून गेली, तीन वर्षं, खिडकीसाठी भांडत. आरोही बारावीले आहे. तिच्या बापानं कालच सांगून टाकलं, गाडी बंद तर कॉलेज बंद, फाट्यापर्यंत पाच किलोमीटर पोरीले पायी पाठवणार नाई आन् काळीपिवळी जीपच्या मागं लटकून तर मुळीच नाई. तो वाईट माणूस नाई. पण पोरगी घरी बसली की पाहुणे येऊ लागतात, हे तुले मी कायले सांगू. मार्चमध्ये परीक्षा आहे तिची.

फोन करत नाई. फोनवर तू "हो आजी, हो आजी" करते आन् ठेवून देते. कागद ठेवून देता येत नाई. हे पत्र गोकुळ कंडक्टरच्या हाती देऊन राह्यली, कंपनीच्या टपालाच्या थैलीतून संध्याकाळपर्यंत खामगावले तुह्या टेबलावर येईन. गाडी बंद झाली की हेही बंद, हे ध्यानात ठेव.

तुही आजी
कलाबाई म्हसाळ

*

खामगाव
५ नोव्हेंबर २०२५

ति. आजीस साष्टांग नमस्कार.

तब्येत कशी आहे? गुडघ्याला तेल लावतेस ना?

पत्र मिळालं. तू रागावणार हे माहीत होतं, म्हणून सांगायचं लांबवत गेले. आता सगळं नीट सांगते.

आपली पूर्णामाई परिवहन कंपनी दोन गाड्यांवर सुरू झाली, हे तूच मला सांगितलं होतंस. आज एकशे बारा गाड्या आहेत. आणि जानेवारीपासून कंपनीची स्वतःची छोटी रेल्वेगाडी धावणार आहे, नांदुरा ते जळंब ते खामगाव, दिवसातून चार वेळा. त्या गाडीला माणसं आणून द्यायची तर जळगाव जामोद ते नांदुरा दर अर्ध्या तासाला बस हवी. नव्या बस जूनमध्ये येतील. तोपर्यंत जिथं माणसं कमी, तिथल्या गाड्या काढून या रस्त्यावर लावायच्या, असं वरच्या पातळीवर ठरलं. अशा सतरा फेऱ्या निघाल्या. नियम सरळ आहे, फेरीला सरासरी अठ्ठावीस प्रवासी हवेत.

टेंभीखेडची सरासरी आहे आठ. बेचाळीस जागांच्या गाडीत आठ माणसं, आजी. हे कंडक्टरच्या मशीनमधून येतं, कोणी मनानं लिहीत नाही.

रागावू नकोस, पण तू थोडं वाढवून सांगतेस हे घरात सगळ्यांना माहीत आहे. विहिरीत सुसर आहे असं सांगून तू मला दहा वर्षं काठाजवळ जाऊ दिलं नव्हतंस.

आरोहीसाठी मी काही करता येतं का बघते. तिला माझ्याकडे खामगावला ठेवायचं का?

तब्येतीची काळजी घे. गुडघा कसा आहे ते नक्की कळव.

तुझी
पूनम

*

टेंभीखेड
१० नोव्हेंबर २०२५

विहिरीत सुसर होती. तुले दिसली नाई म्हणून तू आज नोकरी करून राह्यली.

आशीर्वाद.

आरोहीले खामगावले ठेवशीन. बाकीच्या अठरा पोरी कुठं ठेवशीन, टेबलाखाली?

आठ माणसं म्हणते. बरं. मशीन खरं आन् आजी खोटी. म्हणून आज मी काय केलं ते ऐक. पत्रासंगं कापडाची एक पिशवी आहे, ती उघड. आज सकाळी मी दारालगतच्या सीटवर बसली आन् पिशवी मांडीवर घेतली. गाडीत चढेल त्यानं एक दाणा टाकल्याशिवाय पुढं जायचं नाई. माह्यासारख्या म्हाताऱ्यांनी चिंचोका, कॉलेजच्या पोरींनी हरभरा, बाकी साऱ्यांनी सरकी. पोरी खिदळत होत्या. प्रेमला म्हणे, "कलाबाई, लग्न कोणाचं आहे व? अक्षता कायच्या?" म्या म्हटलं, गाडीचं लग्न लावून राह्यली, बस गप.

मोज. म्या मोजले नाईत, नाईतर म्हणशीन आजीनं वाढवले. आन् मोजून झाल्यावर साहेबाच्या टेबलावर ओत.

तुह्यावर माहा राग नाई. तिथं तुले कोण विचारते? साहेबानं ठरवलं असन आन् तू बिचारी खाली मान घालून लिहून काढत असशीन. पण साहेबाले एक आठवण दे. कंपनीच्या दोन गाड्या होत्या तेव्हा मालक स्वतः आमच्या पारावर येऊन बसला होता. म्हणे, माय, माह्या गाडीत बसा, रिकामी नेऊ देऊ नका. तवा आम्ही बसलो. टायर फुटला तर उतरून ढकलली. आता रूळ आले तर आम्ही कमी पडलो.

गुडघा जागेवर आहे.

कलाबाई

*

खामगाव
१३ नोव्हेंबर २०२५

ति. आजीस नमस्कार.

जेवणाच्या सुट्टीत टेबलावर वर्तमानपत्र पसरून मोजले. दोनदा मोजले. चिंचोके सतरा, हरभरे एकोणीस, सरकी आठ. एकूण चव्वेचाळीस.

मग मशीनमधली दहा तारखेची सहा चाळीसची फेरी काढली. आठ.

आजी, मी दोन्ही आकडे शेजारी लिहिले. आठ म्हणजे बरोबर तुझ्या सरकीइतके. रोजचं तिकीट काढणारे आठ मशीनमध्ये आहेत. मग चिंचोके आणि हरभरे कुठं गेले?

नियम असा आहे. सत्तरीच्या वरच्यांना कंपनीत प्रवास फुकट आहे, पण फुकटाचंही तिकीट निघायला हवं. वयाचं कार्ड एकदा बघायचं आणि मशीनचं बटण दाबून चिठ्ठी द्यायची. पासवाल्या मुलींचंही तसंच, पास बघितला की बटण. चिठ्ठी निघाली तरच माणूस मोजला जातो. नाही निघाली तर तो माणूस गाडीत नव्हताच.

गोकुळदादा तुम्हाला चिठ्ठी देतो का? मुलींचा पास बघतो का? तू खरंखरं लिही, कारण यावर सगळं अवलंबून आहे.

भगवंतराव साहेबांना पिशवी दाखवली. आमचे विभागाचे प्रमुख तेच. हसले. "तुमच्या आजींना आमच्या तपासणी पथकात घ्यायला हवं" म्हणाले. पण पिशवी परत दिली. फाइलीला बिया लावता येत नाहीत, म्हणाले.

वाट बघते.

पूनम

*

टेंभीखेड
१७ नोव्हेंबर २०२५

आशीर्वाद.

इकडे तुरी चांगल्या आहेत. थंडी सुटली. भावकीत एक लग्न ठरलं, तुले पत्रिका येईन.

चिठ्ठीचं मले काई विचारू नको. म्हाताऱ्या माणसाले चिठ्ठी कायले पाह्यजे? गोकुळ कोणाले देत असन, कोणाले नसन, माहं ध्यान खिडकीबाहेर असते. तो भला माणूस आहे. प्रेमलाची काठी खाली पडली तर स्वतः उचलून देते. त्याच्याबद्दल तिथं काई बोलू नको.

दाणे मोजले ना? मग झालं. चव्वेचाळीस म्हणजे चव्वेचाळीस.

कलाबाई

*

खामगाव
२५ नोव्हेंबर २०२५

ति. आजीस नमस्कार.

हे पत्र लिहायला मला चार दिवस लागले.

एकवीस तारखेला तपासणी पथक फाट्यावर तुमच्या गाडीत चढलं हे तू पाहिलंच असेल. गाडीत त्रेचाळीस माणसं, तिकिटं आठ. गोकुळदादाला कंपनीनं नोटीस दिली आहे. सात दिवसांत उत्तर द्यायचं. पैसे खाल्ल्याचा संशय नाही, रोजच्या तिकिटांचा हिशोब चोख निघाला. पण इतक्या प्रवाशांची नोंदच केली नाही म्हणून त्याला या फेरीवरून काढतील, कदाचित कामावरूनही.

पथक माझ्यामुळं आलं. तुझं उत्तर आलं तेव्हाच कळलं की तू काहीतरी झाकतेस. म्हणून मी साहेबांना लिहून दिलं की गाडीत प्रत्यक्ष जाऊन मोजावं. मला वाटलं, माणसं दिसली की गाडी वाचेल. गोकुळदादा सापडेल हा विचार मी केला नाही.

आणखी एक. हे पहिल्याच पत्रात लिहायला हवं होतं. सतरा फेऱ्यांची ती यादी साहेबांनी केली नाही. मी केली. टेंभीखेड चौथ्या नंबरवर आहे. आकडा बघितला, गावाचं नाव बघितलं, आणि आपल्या गावाला वेगळा न्याय लावला असं कोणी म्हणू नये म्हणून पुढच्या ओळीवर गेले. गाडीत जाऊन बघावं असं मला एकदाही सुचलं नाही. तिच्यातच तीन वर्षं बसले होते तरी.

काल गोकुळदादा कार्यालयात आला होता. साहेबांनी विचारलं, चिठ्ठ्या का दिल्या नाहीत? तो म्हणाला, "चूक झाली साहेब." इतकंच. बाहेर आल्यावर मला म्हणाला, "पूनमताई, आजीले काई सांगू नका. त्यायले वाईट वाटीन." तुला कशाचं वाईट वाटेल, आजी?

साहेब म्हणतात, पथकाचा एक दिवस पुरेसा नाही. एक डिसेंबरपासून पंधरा दिवस मशीनची मोजणी बघायची. सरासरी अठ्ठावीस आली तर टेंभीखेड यादीतून काढू. नाही आली तर एक जानेवारीला गाडी बंद.

पूनम

*

टेंभीखेड
२७ नोव्हेंबर २०२५

पूनम,

यादी तू केली हे मले तुह्या पहिल्याच पत्रात समजलं होतं. तू खोटं लिहते तवा तब्येत दोनदा विचारते. मी वाट पाहत होती की कधी सांगते. तीन आठवडे लागले. माह्यापेक्षा लवकर सांगतलं, म्हणून जास्त बोलत नाई.

संगं साहेबाच्या नावानं दुसरा कागद आहे. तो त्यायच्या हाती दे. आधी वाचू नको. वाचशीनच.

कलाबाई

*

टेंभीखेड
२७ नोव्हेंबर २०२५

भगवंतराव साहेब यांना कलाबाई म्हसाळ हिचा नमस्कार.

तुमच्या नोटिशीचं उत्तर गोकुळ देणार नाई, म्हणून मी देऊन राह्यली. मी चौथी पास आहे, अक्षर लागन तसं वाचा. गुन्हा माहा आहे.

गोकुळची आई वंदना आमच्या गावची लेक. पहिलं बाळंतपण माहेरी असते, म्हणून गोकुळ आमच्या गावात जन्मला. सुईण नदीपल्याड अडकली होती. त्याले पहिली आंघोळ म्या घातली. तर तो आमच्या साऱ्या गावचा भाचा. तुमच्याकडं काय पद्धत आहे मले ठाव नाई, आमच्याकडं भाचा आला की मामा त्याच्या पाया पडते, वय पाहत नाई. असा भाचा कंडक्टर होऊन मामाच्याच गावच्या गाडीवर आला.

तीन वर्षांमागं म्हाताऱ्यांले फुकट झालं. पहिल्याच दिवशी गोकुळ माह्यापुढं आला आन् हळूच म्हणे, "आजी, वयाचं कार्ड दाखवता का? चिठ्ठी द्या लागते."

मले राग आला. भर गाडीत म्या म्हटलं, "काऊन बे? तुले पहिली आंघोळ म्या घातली, आन् तू माहं वय कागदावर पाहतो? भाचा होऊन मामाच्या गावात कार्ड मागतो? जाय, वंदनाले विचारून ये का कलाबाई किती वर्षांची आहे!"

सारी गाडी हासली. तो लाल झाला. मशीन पोटाशी धरून मागं गेला. त्या दिवसापासून त्यानं गावच्या कोण्या म्हाताऱ्याले चिठ्ठी विचारली नाई. मग पोरीयले पास विचारायचीही त्याले लाज वाटू लागली, कारण त्याही मामाच्याच पोरी. रोज तिकीट काढणारे आठ जण बाहेरगावचे, रात्री शेतावर राखणीले येऊन सकाळी परत जाणारे, त्यायलेच तो मागते.

म्हणजे तुमची गाडी म्या रिकामी केली. साऱ्यांसमोर हासू आलं तवा मले बरं वाटलं होतं, हेही लिहून ठेवते.

आता ऐका. एक तारखेपासून मी दारात बसणार. चिठ्ठी घेतल्याशिवाय कोणी बसणार नाई. पहिली चिठ्ठी माही. तुमचं मशीन मोजीन ते मोजीन. पण तवापर्यंत गोकुळले या गाडीवरून हालवायचं नाई. दुसरा कोणी आला तर त्याच्यासंगं मी भांडीन, आन् मोजणी तशीच राहीन.

कलाबाई जानराव म्हसाळ
वय चौऱ्याहत्तर (कार्ड आहे)

*

खामगाव
२९ नोव्हेंबर २०२५

आजी,

वाचलं. आधीच वाचलं.

साहेबांनी दोनदा वाचलं, मग दार लावून घेतलं आणि मालकांना फोन केला. गोकुळदादा पंधरा तारखेपर्यंत याच गाडीवर राहील. पुढचं मोजणीवर.

तू हे लिहिलंस यावर माझा अजून विश्वास बसत नाही.

पूनम

*

टेंभीखेड
९ डिसेंबर २०२५

विश्वास बसवून घे, मोजणीचे आठ दिवस झाले.

आशीर्वाद. आता सारं सांगते, कारण तुले मशीनमध्ये फक्त आकडे दिसत असतीन.

पहिल्या दिवशी मी साडेसहाले गाडीपाशी. गोकुळ मले पाहून मशीन चाचपू लागला. म्या कार्ड काढलं, त्याच्या डोळ्यापुढं धरलं. म्हटलं, "भाच्या, कलाबाई म्हसाळ, चौऱ्याहत्तर. दे चिठ्ठी."

तो म्हणे, "राहू द्या ना आजी."

"राहू दिलं म्हणूनच हे झालं. दाब बटण."

त्यानं दाबलं. चिठ्ठी निघाली. म्या चिठ्ठी पदरात बांधली आन् दारात बसली. पोरीयले सांगून ठेवलं होतं, त्यायनं पास काढूनच ठेवले होते, टिक टिक टिक एकोणीस झाले.

मग प्रेमला आली. तिले तू ओळखते. वाकली पण नमली नाई. काठी टेकत चढली आन् तशीच पुढं निघाली.

म्या म्हटलं, "प्रेमला, चिठ्ठी."

"कायची चिठ्ठी व? तीन वर्षं झाले, कोणी विचारलं नाई. अन् तूच म्हणे होती ना, भाच्यानं मामाच्या गावात मागू नये?"

"म्हटलं होतं. चुकलं होतं."

माह्या तोंडातून हा शब्द तिनं पन्नास वर्षांत ऐकला नव्हता. पण ती तशी सोडणारी नाई. म्हणे, "तू चुकली तर तू घे चिठ्ठी. माहं वय काय मशीनले सांगू? उद्या माहं वजनही विचारीन."

मागून आरोही उठली. म्या तिले डोळ्यानं बसवलं. पोरीनं आजीले समजावलं की आजी आणखी चढते. म्या म्हटलं, "प्रेमला, मशीन जिले मोजत नाई ती गाडीत नाई. तू गाडीत नाई तर गाडी रिकामी. रिकामी गाडी एक तारखेले बंद. मग तुह्या लेकानं सांगतलंच आहे, आरोही घरी. नातीची गाडी कंपनी नाई, तू बंद करून राह्यली. आता पाहाय, बसते का उतरते?"

ती तशीच उभी. गाडी सुटेना. ड्रायव्हरनं हॉर्न दिला. मग तिनं काय केलं, गोकुळकडं वळली आन् म्हणे, "भाच्या, माहं वय ब्याहत्तर. कलाबाईपेक्षा दोन वर्षांनी लहान आहे मी, ते लिहून घे."

गोकुळ म्हणे, "वय लिहत नाई मावशी, फक्त चिठ्ठी निघते."

"तरी लिहून घे."

त्या दिवशी त्रेचाळीस झाले. दुसऱ्या दिवशी एक्केचाळीस. पण शुक्रवारी घात झाला. भावकीतल्या त्या लग्नाले अर्धं गाव ट्रॅक्टरनं गेलं, गाडीत सोळा. शनिवारी अठरा. मले रडू येत नाई, पण मी घरी येऊन भांडे आदळले. लग्नवाल्यायले जाऊन सांगतलं का तारीख पुढं ढकलता येत नव्हती का, तर मलेच जेवू घातलं.

शनिवार धरून सहा दिवसांची सरासरी आरोहीनं काढली, एकतीस म्हणते. एकतीस आन् अठ्ठावीसमध्ये फार अंतर नाई. आणखी एक लग्न पुरे आहे.

कलाबाई

*

खामगाव
१८ डिसेंबर २०२५

ति. आजीस साष्टांग नमस्कार.

आधी तेच. पंधरा दिवसांची सरासरी छत्तीस. टेंभीखेड यादीतून काढलं. पुढच्या आठवड्यात काचेवर नवा कागद लागेल, अक्षर मोठं घ्यायला मी सांगितलं आहे.

गोकुळदादाची नोटीस समज देऊन बंद केली. फेरी त्याचीच. साहेबांनी तुझं पत्र त्याच्या फाइलीला लावलं आहे. बिया नाही लागत, कागद लागतो.

एक गोष्ट आणखी झाली. छत्तीस आकडा बघून मालकांनीच विचारलं, एवढी माणसं आहेत तर ही गाडी जळगाव जामोदला का थांबते? म्हणून एक जानेवारीपासून ती पुढं नांदुऱ्यापर्यंत जाईल आणि सव्वाआठच्या रेल्वेगाडीला माणसं देईल. त्यासाठी गावातून पंधरा मिनिटं आधी, सहा पंचवीसला सुटेल. म्हणजे शनिवारी रात्री मी घरी आले तर सोमवारी सकाळी गावातून निघून ऑफिसला वेळेत पोचते. हे मी मुद्दाम केलेलं नाही. यावेळी खरंच नाही.

आणि बाकीच्या सोळा फेऱ्या. साहेबांना म्हटलं, त्या सोळा गाड्यांमध्ये बसल्याशिवाय मी त्या यादीवर सही करणार नाही. सोमवारपासून निघते. पहिली डोणगावकडची. तिथं कोणी भाचा आहे का, कोणी सासरा आहे का, देवाला ठाऊक. कंडक्टरच्या शेजारी बसून बघते. साहेब म्हणाले, "जा, पण दाण्यांची पिशवी नको." मी म्हटलं, बघू.

आरोहीला सांग, परीक्षेला मी येते तिला सोडायला.

तुझी
पूनम

*

टेंभीखेड
२२ डिसेंबर २०२५

पंधरा मिनिटं आधी म्हणजे सहाच्या आधी चूल. हे कोणाले विचारून केलं? पोरी झोपेतच चढतीन, प्रेमला तर नेसतेच मुळी सव्वासहाले. पण गाडी आहे म्हणून गप आहे.

आशीर्वाद.

आरोहीच्या बापाले तुहं पत्र वाचून दाखवलं. दुसऱ्या दिवशी तिच्यासाठी स्वेटर घेऊन आला, लवकर निघा लागीन म्हणून. ह्या माणसाचं बोलणं असंच असते.

गोकुळ आता कार्ड मागत नाई, पोरी आन् म्हातारे स्वतःच पुढं करतात. वंदना आली होती माहेरी. मले म्हणे, "काकू, माह्या पोराले तुम्ही गाडीत रागावल्या होत्या म्हणे." म्या म्हटलं, हाव, रागावली होती, आन् पुढंही रागावणार, चाय घेशीन का?

तू सोळा गाड्यांत बसून राह्यली हे चांगलं. डोणगावच्या गाडीत मागच्या बाकावर बस, पुढून सारं नीटनेटकं दिसते.

आता कामाचं. पोरीयचं कॉलेज बारा वाजता सुटते. परतीची गाडी अडीचले. अडीच तास एकोणीस पोरी स्टँडवर उभ्या. बाकं तीन आहेत, त्यातलं एक तुटलं. त्या वेळी मधे दोन गाड्या आमच्या फाट्यावरून पुढच्या गावाले जातात, फाट्यावरून आत वळत नाईत. पाच किलोमीटर वळायले काय होते? पंचवीस मिनिटं. यातली साडेबाराची वळवा. माणसं किती ते मशीनले विचारा, आता ते खरं सांगते.

हे पत्र साहेबाच्या पुढं ठेव. उत्तर तू लिहायचं नाई. तू लिहलं तर गुडघ्याची चौकशी येईन आन् गाडी येणार नाई. भगवंतराव साहेबानं स्वतःच्या हातानं लिहायचं, गाडी वळन का नाई वळन, एवढंच, आन् "पाहू" हा शब्द त्यात आला तर पत्र परत पाठवीन.

कलाबाई